जुन्या चर्चमध्ये ख्याल आणि स्ट्रिंग क्वार्टेट: आधी पट्टी, मग पत्रिका

संयोजकाचा फोन येतो तेव्हा पत्रिका छापून झालेली असते. "ताई काळी चारमध्ये गातात, आणि पुण्याचे वादक म्हणतायत ही पट्टी फार अवघड आहे. काय करू?" कार्यक्रम चार दिवसांवर. (पट्टी म्हणजे गायकाचा सा, म्हणजे षड्ज, पेटीच्या कुठल्या पांढऱ्या-काळ्या पट्टीवर येतो ते.) अशा वेळी करण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. कुणीतरी नमतं घेतं, बहुधा वादकच. मग दीड तास चारही वाद्यं कोंदट आवाजात वाजत राहतात आणि दोष चर्चच्या घुमाऱ्याला दिला जातो.

सोलापुरात हुतात्मा स्मृती मंदिरासारखं नाट्यगृह सोडून एखाद्या जुन्या दगडी चर्चमध्ये बैठक करायची हौस आता बऱ्याच जणांना वाटते. हौस रास्त आहे, फक्त कामांचा क्रम उलटा होतो. आधी तारीख, मग फ्लेक्स, मग प्रायोजक आणि सगळ्यात शेवटी सूर. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा आणि हाताशी निदान तीन महिने ठेवा. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो एवढी मंडळी (हेच स्ट्रिंग क्वार्टेट), सोबत ख्यालगायक, तबला आणि दोन तंबोरे, असं गृहीत धरलं आहे.

## टप्पा १: पट्टी ठरवा

गायकाला "कुठली पट्टी?" एवढंच विचारू नका. "या बंदिशी, या वेळेला, दीड तास गायच्या तर कुठल्या पट्टीत?" असं विचारा. संध्याकाळच्या मोठ्या कार्यक्रमाला बरेच जण नेहमीपेक्षा अर्धा स्वर खाली उतरायला तयार असतात. विचारलं नाही तर सांगत नाहीत, इतकंच.

आता वाद्यांची बाजू. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा जी, डी, ए, ई. व्हायोला आणि चेलोच्या सी, जी, डी, ए. षड्ज आणि पंचम मोकळ्या तारांवर आले की वाद्य आपोआप बोलतं, तंबोऱ्याशी एकजीव होतं. म्हणून पांढरी दोन ही पट्टी क्वार्टेटला सोन्यासारखी. षड्ज डी, पंचम ए, दोन्ही तारा चारही वाद्यांवर हजर. पांढरी पाचही तशीच, तिथे जी आणि डी. पांढरी एकमध्ये सी आणि जी येतात, पण सीची मोकळी तार व्हायोलिनवर नसते.

पुरुष गायक मात्र काळी एक म्हणतात आणि गायिका काळी चार. पाश्चात्त्य भाषेत सी शार्प आणि जी शार्प. या दोन्हींत एकही मोकळी तार कामाला येत नाही, सगळे स्वर दाबून काढावे लागतात.

यावर उपाय आहे, आणि तो वादकांना सांगितला तर त्यांनाही आवडतो. ए हा स्वर ४४० हर्ट्झला न ठेवता चारही वाद्यं ४१५ ला उतरवायची, म्हणजे बरोबर अर्धा स्वर खाली. मग वादक डीच्या बोटांनी वाजवतात आणि ऐकू येते काळी एक. एच्या बोटांनी वाजवतात आणि ऐकू येते काळी चार. गायकाला काही सोडावं लागत नाही, वादकांच्या मोकळ्या ताराही परत मिळतात.

काळी पाच असेल तर ही युक्ती चालत नाही. ४४० लाच ठेवून बी फ्लॅटमध्ये वाजवता येतं. बोटांना ते सोयीचं आहे, पण षड्ज-पंचम मोकळ्या तारांवर येत नाहीत. गायिका पांढरी सहाला तयार झाल्या तर दुधात साखर.

सावधान: तारा उतरवा, चढवू नका. अर्धा स्वर चढवण्याच्या नादात तारा तुटतात आणि वाद्यावर ताण येतो. उतरवायच्या तरी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी उतरवा. नव्या ताणाला स्थिरावायला तारांना वेळ लागतो. उतरवताना घोडी वाकली नाही ना, हे वादकाने प्रत्येक वेळी बघायचं.

सावधान, दुसरं: हार्मोनियम असेल तर तिचा सूर आधी ट्यूनरवर तपासा. आपल्याकडच्या पुष्कळ पेट्या ४४० ला नेमक्या नसतात. पेटी बदलत नाही, त्यामुळे वाद्यांनाच तिच्याशी जुळवून घ्यावं लागतं. माझं मत विचाराल तर क्वार्टेट वाजत असताना पेटी गप्प असावी. कारण टप्पा ३ मध्ये येईल.

## टप्पा २: राग निवडताना हात आखडता घ्या

पहिल्यांदा करत असाल तर भूप, दुर्गा, यमन, देस, बागेश्री. यापलीकडे जाऊ नका. पाच-सहा-सात स्वच्छ स्वरांचे राग क्वार्टेटला पेलतात. दरबारीचा आंदोलित गंधार चार गजांना एकाच वेळी हलवायला सांगितलात तर चार वेगवेगळे गंधार ऐकू येतील. मारव्यात पंचमच नाही, त्यामुळे पाश्चात्त्य कानाचा आधारच जातो. तोडीबद्दल न बोललेलं बरं.

दुसरी चूक संगीत-रचनाकाराकडून होते. चाल ऐकली की त्याच्या हाताला सवयीने कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार स्वर, येतात. यमनच्या खाली एक कॉर्ड अशी बसते की त्यात शुद्ध मध्यम डोकावतो, आणि श्रोत्यांमधले जुने जाणकार माना खाली घालतात. नियम एकच ठेवा: रागात नसलेला स्वर कुणाच्याही ओळीत नको, आतल्या ओळीतही नको. मग उरतं काय? षड्ज-पंचमाचा भरणा, बंदिशीच्या ओळीला दिलेलं उत्तर, एखादी उलटी चाललेली ओळ, आणि भरपूर शांतता. हे पुरेसं आहे.

मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, चौघांनी मिळून घेऊ नये. गायकामागे जायचं असेल तर एकच व्हायोलिन जाईल, बाकीचे तिघं धरून राहतील.

कार्यक्रमाचा साचा साधारण असा चालतो. सुरुवातीला क्वार्टेटचं एकट्याचं दहा-बारा मिनिटं, हायडन किंवा मोत्झार्टचा एखादा संथ भाग. श्रोत्यांना जागेची सवय होते, वादकांची भीड चेपते. मग बडा ख्याल, त्यात क्वार्टेट जवळजवळ नाहीच. मग छोटा ख्याल आणि तराणा, हीच त्यांची खरी जागा. शेवटी भजन. चर्चमध्ये गाताय, तर रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं भजन घ्या. तिथल्या मंडळींना ते तोंडपाठ असतं आणि परकेपणा क्षणात जातो. टिळक १९१९ साली वारले. आपल्याकडे कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क राहतो, त्यामुळे त्यांच्या शब्दांवर आता कुणाचा हक्क नाही. चाल मात्र नंतरच्या कुणाची असेल तर तेवढी चौकशी करा.

## टप्पा ३: समेची खूण कागदावर आणा

सगळ्यात जास्त घोटाळे इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबतो. सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा.

पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेला वादक कागद वाचतो, तेही अप्रतिम वाचतो. पण त्याला "तुम्ही फक्त ऐका आणि समेवर या" असं सांगणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला होटगी तलावात ढकलणं. त्याला लिहून द्यावं लागतं. लिहिण्याचा क्रम असा:

१. गायकाने स्थायी-अंतरा ठरलेल्या पट्टीत, ठरलेल्या लयीत, तंबोरा आणि तबल्यासह रेकॉर्ड करून द्यायचा. घरच्या घरी लय वाढते. म्हणून तीन वेगवेगळ्या दिवशी गाऊन सगळ्यात संथ तोच पाठवा.

२. भातखंडे लिपीतून (आपली सा-रे-गची लिपी) थेट स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्यांची रेघांवरची लिपी) करू नका. आधी मात्रा मोजून आवर्तनं आखा. त्रिताल म्हणजे चार-चारचे चार बार (त्या लिपीतले खाने), एकताल चारचे तीन, झपताल २-३-२-३. रूपक पहिल्या खेपेला टाळाच.

३. सम लाल शाईने गोल करा. प्रत्येक आवर्तनाची.

तिसऱ्या सूचनेमागे आमची फजिती आहे. बंदिश त्रितालातली, मुखडा, म्हणजे समेकडे नेणारा सुरुवातीचा तुकडा, ९व्या मात्रेपासून उठणारा. ज्यांनी नोटेशन केलं त्यांनी मुखड्याचा पहिला शब्द हाच बार क्रमांक १ धरला. वादकांच्या दृष्टीने ते अगदी बरोबर होतं, गाणं तिथूनच सुरू होतं ना! पण त्यामुळे चौघांचाही जोर 'खाली'वर, म्हणजे ९व्या मात्रेवर, पडू लागला आणि खरी सम कागदाच्या मधोमध बेवारस राहिली. तबलजी समेवर धा मारतोय आणि चेलो तिथे हळूच गज उचलतोय. तालमीत कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तालमीला तबलाच नव्हता.

तेव्हा पहिला बार समेपासूनच मोजा आणि मुखड्याला आधीचा अर्धा आवर्तनाचा तुकडा म्हणून लिहा.

४. जिथे गायक मोकळा असतो, म्हणजे आलाप, बोलआलाप, ताना, तिथे वादकांसाठी एक आवर्तनाची फिरती ओळ लिहा. ती कितीही वेळा वाजवता यावी. बाहेर कधी पडायचं, याची खूण ठरवा. डोळ्यांची खूण नको, गायक तान घेताना डोळे मिटतात. उजवा हात वर गेला की पुढच्या समेवर बाहेर, अशी ढळढळीत खूण हवी.

५. विलंबित एकतालात क्वार्टेटला मात्रा मोजायला लावू नका. १२ मात्रा, त्यांचे प्रत्येकी चार तुकडे, म्हणजे ४८ ठोके. मधे तबलजीने एक तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) भरली की मोजणी गेली. तिथे त्यांना लांब स्वर धरायला द्या, नाहीतर सरळ ऐकू द्या.

आता गंधाराचा मुद्दा. चांगली जवारी लागलेल्या तंबोऱ्यातून जो गंधार आपसूक ऐकू येतो, तो पेटीच्या किंवा पियानोच्या शुद्ध गंधारापेक्षा उतरलेला असतो. फरक अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या भागाएवढा. गायक तंबोऱ्यातलाच गंधार लावतो. क्वार्टेटने मोबाइलवरच्या ट्यूनरचा लावला की दोघं सुरात असूनही बेसूर वाटतात. म्हणून तालमीत वादकांना तंबोऱ्यासमोर बसवा, गंधार धरायला सांगा आणि थरथर थांबेपर्यंत खाली सरकू द्या. दहा मिनिटांत कान वळतो. ही मंडळी कानाची तयार असतात, त्यांना फक्त कुणी सांगितलेलं नसतं. सोबत व्हिब्रेटो, म्हणजे बोट थरथरवणं, धरून ठेवायच्या स्वरांवर बंद. पेटी मात्र आपला गंधार सोडत नाही, म्हणून क्वार्टेट वाजताना ती गप्प.

तपासा: प्रत्येक वादकाने नोटेशनशिवाय, फक्त तबल्याचा ठेका ऐकून, समेला टाळी द्यायची. चौघांच्या टाळ्या दहा आवर्तनं एकत्र पडल्या तरच पुढे जा.

## टप्पा ४: चर्चकडे जा, आणि तारीख ठरवा

अर्ज पाळकसाहेबांच्या आणि चर्च कमिटीच्या नावाने, लेखी. अर्जात कार्यक्रमाची वेळ, अंदाजे श्रोते, कुठली गाणी, तिकीट आहे की नाही आणि रेकॉर्डिंग होणार का, हे सगळं आधीच लिहा. गाण्यांच्या शब्दांची प्रत जोडा. बंदिशी बहुधा कृष्णाच्या, राधेच्या असतात. कमिटीला त्याचं वावडं असेलच असं नाही, पण कार्यक्रमाच्या संध्याकाळी कळण्यापेक्षा आधी कळलेलं दोघांनाही बरं. तराणा असला की हा प्रश्नच येत नाही.

आपल्या अंगवळणी पडलेल्या काही गोष्टी तिथे विचारूनच कराव्यात. समई लावून दीपप्रज्वलन, सरस्वतीची तसबीर, नारळ. एका संयोजकांनी आदल्या रात्री हे सगळं थेट वेदीसमोर मांडून ठेवलं होतं. सकाळी उपासनेची तयारी करायला आलेल्या माणसाने शांतपणे ते एका बाकावर ठेवलं, बोलला काहीच नाही. वेदी ही व्यासपीठ नव्हे. तिच्यावर फुलांचे गुच्छ, मोमेंटो, पाण्याच्या बाटल्या ठेवू नका. क्रूस झाकेल असा फ्लेक्स लावू नका. चहा बाहेर.

तारखेचं सोलापुरी गणित वेगळं आहे. मार्च ते मे विसरा, दगडी भिंती दिवसभर तापतात आणि रात्री उष्णता सोडतात. डिसेंबरमध्ये चर्चला स्वतःच्याच गायनाच्या तालमी असतात. संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा, शहर तिकडे लोटलेलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला की बरीच चर्चेस असा कार्यक्रम घेत नाहीत. १९ फेब्रुवारीला शिवजयंती. उरतं काय? दिवाळीनंतरचा नोव्हेंबर, किंवा २६ जानेवारी ते फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. रविवार नको, आणि लग्नाची दाट तिथीही नको. पंचांग बघूनच तारीख घ्या. यात अंधश्रद्धा काही नाही. वरातीचा डीजे रस्त्यावरून जाताना मंद्र षड्ज लावायचा असेल तर खुशाल बघू नका.

ध्वनिक्षेपकासाठी स्थानिक पोलीस ठाण्यात अर्ज द्या. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला मनाई असते, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालयाच्या भोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र असू शकतो. कार्यक्रम साडेसहाला सुरू करा, साडेआठला संपवा.

तपासा: ठरलेल्या वाराला, ठरलेल्या वेळेला, चर्चमध्ये नुसतं तासभर बसा. आजूबाजूच्या मशिदीची अजान, रेल्वेचा भोंगा, शेजारचा क्लास सुटण्याची वेळ, वळचणीचे पारवे, सगळं घड्याळ लावून लिहून घ्या. अजानच्या वेळी पहिला भाग संपेल अशी आखणी केली की कुणाचाच खोळंबा होत नाही.

## टप्पा ५: घुमारा मोजा

मधोमध उभं राहून एक खणखणीत टाळी वाजवा, मोबाइलवर रेकॉर्ड करा. आवाज पूर्ण विरायला किती सेकंद लागले ते पाहा. सव्वा ते पावणेदोन सेकंद असेल तर क्वार्टेटला उत्तम. तीनच्या आसपास असेल तर द्रुत तानांची खिचडी होणार.

पण रिकाम्या चर्चची टाळी फसवते. माणसं आवाज शोषतात. एक अंदाजे हिशेब करू. समजा आतली लांबी २० मीटर, रुंदी १०, उंची ९. म्हणजे १८०० घनमीटर. त्याला ०.१६ ने गुणलं की २८८. रिकामं असताना घुमारा ३ सेकंद असेल, तर २८८ भागिले ३, म्हणजे ९६ एवढं शोषण आधीच तिथे आहे. प्रत्येक श्रोता सुमारे ०.४५ ची भर घालतो. १५० श्रोत्यांचे ६७. एकूण १६३. आता २८८ भागिले १६३, म्हणजे पावणेदोन सेकंदांच्या आसपास. चर्च भरलं की प्रश्न निम्मा सुटला. अर्धंच भरणार असेल तर मात्र तयारी हवी.

तयारीसाठी सोलापुरात लांब जावं लागत नाही. जाड विणीच्या चादरी. मागच्या भिंतीवरून उलटून येणारा फटका त्या चांगला मारतात. पण लावायची पद्धत आहे: भिंतीला चिकटवून नको, चार-सहा इंच अंतर सोडून, चुण्या पाडून, मंडपवाल्याच्या पाइपच्या चौकटीवर लटकवायच्या. सपाट ताणलेली चादर निम्मंच काम करते. रिकाम्या राहणाऱ्या मागच्या बाकांवरही घड्या उलगडून टाका. आणि बघा, आपल्याकडे घरटी चार चादरी निघतात. श्रोत्यांना आणायला सांगितलं तरी चालेल. आम्ही एकदा सांगितलं होतं, परत नेताना अदलाबदल झाली तो भाग निराळा.

सावधान: चादरी फक्त वरचे, टोकदार आवाज शोषतात. डग्ग्याच्या घुमण्यावर त्यांचा काही उपाय चालत नाही. ते काम तबलजीचं. डग्गा कोपऱ्यात नको, खाली जाड बैठक हवी, हात हलका हवा.

सावधान: जुन्या भिंतीत, लाकडात एकही खिळा नाही. नक्षीच्या खांबांना दोर बांधायचे नाहीत. पॉलिशवर चिकटपट्टी नाही. मंडपवाल्याला हे तोंडी सांगून उपयोग नाही, तो येईल तेव्हा तिथे उभं राहा.

## टप्पा ६: बैठक

गायक मांडी घालून बसतो, वादक खुर्चीवर. नजरेत साधारण दीड फुटाचा फरक पडतो, आणि खुणा बघणार कशा? म्हणून गायकाची चौकी दीड फूट उंच, वादक जमिनीवर. सगळ्यांचे डोळे एका पातळीत येतात.

मांडणी घोड्याच्या नालेसारखी, उघडी बाजू श्रोत्यांकडे. श्रोत्यांच्या डावीकडे दोन व्हायोलिन, उजवीकडे व्हायोला आणि चेलो, नालेच्या वळणावर मधोमध गायकाची चौकी. तबला नेहमीप्रमाणे गायकाच्या उजव्या हाताला, त्याच चौकीवर, म्हणजे चेलो डग्ग्यापासून लांब पडतो. या दोघांचा खर्ज एकमेकांत मिसळला की काहीच कळत नाही. तंबोरे मागे. चौकी निदान १० बाय ८ फूट.

वेदीच्या मागची भिंत अर्धगोल असेल तर त्या पोटात शिरू नका. गोल भिंत आवाज एका ठिकाणी गोळा करते. मग तिसऱ्या रांगेला कानठळ्या बसतात आणि दहाव्या रांगेला काही ऐकू येत नाही. कमानीच्या पुढे, बाकांच्या जवळ बसा.

खुर्च्या बिनहाताच्या, सपाट बैठकीच्या. प्लॅस्टिकच्या हाताच्या खुर्चीत व्हायोलिनचा गज अडतो. चेलोच्या खालच्या टोकदार सळईने जुन्या फरशीला टवके जातात, तिथे रबरी आधार किंवा जाड पट्टा हवा. नोटेशनच्या कागदांना चिमटे. वरचे पंखे बंद, नाहीतर तराण्याच्या ऐन भरात कागद वेदीवर.

## टप्पा ७: वीज आणि माइक

चर्चचं वायरिंग जुनं असतं. आवाजाची आणि दिव्यांची वीज वेगवेगळ्या फेजवर घ्या, अर्थिंग तपासून घ्या, नाहीतर तंबोऱ्यासोबत स्पीकरचा गुंजारवही दीड तास साथ करतो. दिवे एलईडीच हवेत. हॅलोजनच्या उष्णतेने तारांचा सूर हलतो. जनरेटर ठेवाच, पण आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला.

चार तंतुवाद्यांना एवढ्या जागेत माइक लागत नाही. गायकाला एक, तंबोऱ्यांना एक, बस. लहान स्पीकर, कमी आवाज, श्रोत्यांच्या जवळ. साउंडवाल्याला दोन वाक्यं पाठ करून सांगा: "इको शून्य," आणि "मी सांगितल्याशिवाय वाढवायचं नाही." तो मान डोलावेल आणि कार्यक्रम सुरू झाल्यावर इको थोडासा लावेलच. त्याच्या शेजारी आपला एक माणूस बसवा.

## टप्पा ८: प्रवास, हवा, शेवटच्या तालमी

वादक पुण्या-मुंबईहून येणार असतील तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत सोलापुरात हवेत. सकाळच्या गाडीने येऊन संध्याकाळी वाजवणं माणसांना जमतं, वाद्यांना जमत नाही. समुद्रकाठच्या दमट हवेतून आपल्या कोरड्या हवेत आल्यावर लाकूड आकसतं, खुंट्या सटकतात. चेलो रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमध्ये टाकायचा नाही, आणि गाडीच्या डिकीत उन्हात तर मुळीच नाही. स्टेशनवर घ्यायला रिक्षा पाठवू नका. चेलोची पेटी माणसाएवढी असते, तिला मोठी गाडी लागते.

तालमी तीन. पहिली वादकांच्या गावी, गायक आणि तबला दोघांनाही घेऊन. तबल्याशिवायची तालीम तालीम म्हणून धरायची नाही. दुसरी आदल्या संध्याकाळी चर्चमध्ये, उतरवलेल्या तारांवर, कार्यक्रमाच्याच वेळेला. इथेच गायकाने तानांची लय ठरवायची: घुमारा जास्त असेल तर द्रुत थोडी कमी द्रुत. तिसरी कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी चारला, फक्त सुरुवाती, शेवट आणि खुणा. पूर्ण गाऊ नका.

तपासा: आदल्या रात्री लावलेला सूर सकाळी तसाच आहे का? थोडा सरकणारच. दुपारपर्यंत परत परत सरकत असेल तर त्या वाद्याच्या खुंट्या बघून घ्या.

## टप्पा ९: कार्यक्रमाची संध्याकाळ

सूर लावण्याचा क्रम ठरलेला ठेवा. आधी तंबोरे, मग तंबोऱ्यावरून चेलो, मग बाकी तिघं, सगळ्यात शेवटी तबला. कोरड्या हवेत तबल्याची पुडी ताणली जाते आणि सूर चढतो, म्हणून तो आधी लावून ठेवण्यात अर्थ नाही. लोक आत येऊन बसले की हवा पुन्हा बदलते. पहिल्या भागानंतर दोन मिनिटं सूर लावायला राखून ठेवा आणि ते श्रोत्यांना सांगा.

निवेदन थोडक्यात. दोनच गोष्टी सांगायच्या. एक श्रोत्यांना: क्वार्टेटचा एक भाग संपला म्हणजे रचना संपली असं नाही, गज खाली येईपर्यंत थांबा. दुसरी वादकांना, आणि ती आधी, खासगीत: गाणं चालू असताना "वा!", "क्या बात है!" असे आवाज येतील. ते व्यत्यय आणणारे नाहीत, दचकून थांबू नका. आमच्याकडच्या एका तरुण व्हायोलिनवादकाला पहिल्या "अहाहा"ला वाटलं की समोर कुणाला तरी भोवळ आली.

सत्कार शेवटी, उभ्या उभ्या, पाच मिनिटांत. शाली चालतील. भाषणं नकोत, वाद्यं थंड पडतात.

## टप्पा १०: त्याच रात्री

वादकांनी तारा लगेच ४४० ला चढवायची घाई करू नये. घरी पोचल्यावर, दोन दिवसांत, थोड्या थोड्या करून चढवाव्यात. चादरी उतरवा, बाकं होती तशी लावा. नेमकं कुठलं बाक कुठे होतं, याचा फोटो सकाळीच काढून ठेवलेला असेल तर पंधरा मिनिटांत होतं. गजाच्या राळेची पांढरी भुकटी फरशीवर पडलेली असते, ती ओल्या फडक्याने न पुसता कोरड्याने झाडा, नाहीतर चिकटून बसते. चर्च राखणाऱ्या माणसाला किल्ली देताना त्याच्यासोबत एक फेरी मारा, आणि मागच्या बाकांखाली चहाचे कागदी कप राहिलेत का ते बघा. बाहेरच प्यायला सांगितलं होतं, तरी असतातच.